ही मुलगी लिहिते तरी कशासाठी?

कोपरखैरण्याला लोकलमधून उतरून रिक्षावाल्याला ‘बोनकोडे’ म्हणून सांगितले की तो उलट विचारतो, “सेक्टर कितवा?” गावाला नंबराने ओळखायची सवय आता त्यालाही झाली आहे अन् आपल्यालाही. सिडकोच्या सरळ रस्त्यांवरून धावणारी रिक्षा एकाएकी बोळात शिरते, घरे खांद्याला खांदा लावून उभी दिसू लागतात, तेव्हा समजावे की गाव आले. तिथल्या एका आगरी कुटुंबाशी माझा वीस वर्षांचा घरोबा आहे. श्रावणात त्यांच्याकडे गेलो, तो चहाचा कप हातात पडण्यापूर्वीच तक्रार पुढे आली.

“काका, तुम्ही मास्तर होता, तुम्हीच हिला दोन शब्द सांगा. दहावीचं वर्ष आहे. गणिताचा पत्ता नाही, आणि रात्री अकरा-अकरापर्यंत वही भरत बसते!”

“वही भरते हे चांगलेच की!” मी म्हणालो.

“अहो, अभ्यासाची वही नाही ती! काय लिहिते कुणाला ठाऊक. विचारलं तर झाकून ठेवते.”

आरोपी दाराला टेकून उभी होती. मी चेहरा शक्य तितका गंभीर करून विचारले, “काय ग, गोष्टी लिहितेस?” मान नकारार्थी हलली. “कविता?” पुन्हा नकार. “मग कशासाठी लिहितेस?” यावर ती जरा थांबली आणि म्हणाली, “तसं सांगता नाही येत.” इतके बोलून ती आत निघून गेली.

तिच्या आईने मग मागच्या वर्षीची एक हकीकत सांगितली. नववीत ‘माझे गाव’ या विषयावर निबंध होता. हिने लिहिले की माझ्या गावात एकही शेत नाही. गावाच्या चारी बाजूंना इमारती आहेत, आणि आजी ज्याला ‘आपला बांध’ म्हणते तिथे आता वाहने उभी करतात. बाईंनी त्याखाली लाल शाईत ‘विषयाला सोडून’ असा शेरा मारला. ज्या मुलींनी हिरवीगार शेते, खळखळणारा ओढा आणि घुंगरांच्या तालावर घरी परतणारी गुरे लिहिली त्यांना दहापैकी आठ मिळाले. हिला चार.

ऐकून मला हसू आले. मग मात्र चहा घशाखाली उतरेना. कारण वाचकहो, ती हिरवीगार शेते मी स्वतः तीस वर्षे फळ्यावर लिहून दिली आहेत! चाळीत जन्मलेल्या, गाय फक्त गोठ्याच्या चित्रात पाहिलेल्या मुलांकडून ती उतरवून घेतली आहेत. विद्यार्थ्याने कशासाठी लिहावे, तर मार्कांसाठी. याहून दुसरे उत्तर मी कधी दिले नाही, आणि खरे सांगायचे तर कुणी ते विचारलेही नाही.

त्या रात्री झोप येईना तेव्हा मला मुक्ता साळवे आठवली.

मुक्ता ही पुण्याची, मांग समाजातली मुलगी. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेची विद्यार्थिनी. शिक्षण उणेपुरे तीन वर्षांचे, वय 14, म्हणजे आमच्या बोनकोड्याच्या मुलीहूनही वर्षाने लहान. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि अमेरिकन मिशनऱ्यांच्या ‘ज्ञानोदय’ पत्राने तो 15 फेब्रुवारी आणि 1 मार्च 1855 अशा दोन अंकांत छापला. 1857 चे बंड अजून व्हायचे होते, मुंबईचे विद्यापीठही जन्मले नव्हते, त्या काळी वेशीबाहेरच्या घरातली एक मुलगी मराठी गद्यात थेट देवाशी आणि धर्माशी वाद घालत होती! वेद वाचण्याचा आम्हांला अधिकार नाही, तर मग आमचा धर्म कोणता, हे देवानेच सांगावे, असे ती विचारते. पेशवाईत तिच्या जातीच्या माणसांचे काय हाल झाले, ते इमारतींच्या पायात पुरल्या जाणाऱ्या माणसांपर्यंत ती सांगते. बाळंतीण बाईच्या डोक्यावर छप्पर नसते, तेव्हा थंडी-पावसात तिचे काय होते, ते या 14 वर्षांच्या मुलीने लिहावे, यातच सारे आले. महारापेक्षा मांग खालचा, ही आपापसातली उतरंडही ती झाकत नाही. आणि शेवटी आपल्याच माणसांकडे वळून, शिका, म्हणून त्यांना कळवळून सांगते.

हा निबंध मी प्रथम वाचला तेव्हा मला शब्दांहून त्यातल्या धिटाईचे आश्चर्य वाटले होते. आता वाटते, धिटाई ही नंतरची गोष्ट. आधी तिच्यापाशी सांगण्यासारखे काहीतरी होते, जे दुसऱ्या कुणाच्याही वहीतून उतरवून घेता आले नसते. आणि ते वाचणारे कुणीतरी आहे, अशी तिची खात्री असली पाहिजे. वर्गात ऐकणारे गुरू होते, बाहेर छापणारे पत्र होते. यातले एक जरी नसते तरी मुक्ता साळवे हे नाव आपल्यापर्यंत पोचले नसते. तसेही पुढच्या आयुष्यातले तिचे लेखन आपल्या हाती नाही. एवढा एकच निबंध.

विद्यार्थीदशेत लिहिणाऱ्यांची आणखी उदाहरणे आहेत. 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात 16-17 वर्षांच्या त्र्यंबक ठोमऱ्याने कविता म्हटली आणि तो सर्वांचा ‘बालकवी’ झाला. पण ती देणगी निराळी, तिच्याशी आपण पामरांनी तुलना करू नये. मला जवळचे वाटतात ते अमळनेरचे साने गुरुजी. प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना ते छात्रालयातल्या मुलांसाठी रोज हाताने लिहून एक अंक काढीत. छापखाना नाही, वर्गणी नाही. वाचणारी मुले मात्र उठल्याबरोबर त्याकडे धाव घेत असतील, यात मला शंका नाही.

पुढल्या रविवारी मी पुन्हा बोनकोड्याला गेलो. या वेळी मुलीला काही न विचारता मुक्ताची गोष्ट सांगितली. तिने शेवटपर्यंत ऐकली, एकदाच विचारले, “तिला मार्क किती मिळाले?” मी म्हणालो, ते कुठे लिहिलेले नाही. त्यावर ती उठली, आणि वही आणून माझ्यापुढे ठेवली.

पहिल्याच पानावर नकाशा होता. वाडवडिलांच्या शेताचे तुकडे, प्रत्येकाला एक नाव, आणि कंसात आजचा सेक्टर. 1970 साली सिडको स्थापन झाली, नव्या शहरासाठी गावोगावची जमीन संपादन झाली. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईला आंदोलन झाले, गोळीबारात माणसे गेली, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. हे सारे पुस्तकांत सापडते. तुकड्यांची नावे मात्र सापडत नाहीत. ती फक्त आजीला ठाऊक, आणि आजीचे वय 78.

पुढच्या पानांवर खारजमिनीतला लाल राता तांदूळ होता, चिखलात उड्या मारणारे निवटे होते, मिठागरावर जाणाऱ्या बायकांच्या पायांना पडणाऱ्या भेगा होत्या. भाषा अर्धी शाळेची, अर्धी घरची. शुद्धलेखनाच्या चुका मोजायला माझे बोट सवयीने पुढे झाले, ते मी मागे घेतले.

“हे तू वाचून दाखवतेस कुणाला?”

“आजीला. तिला वाचता येत नाही ना! ती चुका काढते.”

म्हणजे परीक्षक घरातच होती तर! म्हातारी खाटेवर बसून आमचे बोलणे ऐकतच होती. मुलीने वही उचलली आणि नवे पान वाचू लागली. खाडीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घातलेला असे, त्या बांधात एक झडप असे, तिला उघाडी म्हणत, भरती आली की ती उघडीत आणि...

“तसा नाय गो!” खाटेवरून आवाज आला. “भरतीला उघारी बंद. ओहोटीला उघरायची, पावसाचा पानी भायेर जायाला. भरतीला उघरली त भात मेला!”

मुलीने ओळ खोडली, पुन्हा लिहिली, पुन्हा वाचली. म्हातारीने मान डोलावली.

इतक्यात स्वयंपाकघरातून हात पुसत तिची आई बाहेर आली. मला वाटले, आता गणित निघणार. ती दारातच थांबली, काही वेळ ऐकत राहिली, आणि म्हणाली, “आमच्याकडे उरणला उघाडीच्या तोंडाशी जिताडा सापडायचा. माझे बाबा रात्रीचे जाऊन बसायचे. ते लिहिलंस का ग?”

“नाही. थांब,” मुलगी म्हणाली, आणि तिने पान उलटले.