विश्लेषण : ठाणे-डोंबिवलीकराने यॉट घेतली, तर ठेवायची कुठे?

घोडबंदर रस्त्यावरील नव्या गृहसंकुलांच्या जाहिरातींत 'खाडीचे विहंगम दृश्य' हमखास असते. डोंबिवलीतील मोठागाव आणि कल्याणातील दुर्गाडीही पाण्याला लागूनच आहेत. एमआयडीसीतील कारखानदार, बांधकाम व्यावसायिक किंवा परदेशात कमावून परतलेले कुटुंब स्वतःच्या यॉटचा विचार करू लागले, तर त्यात आता फारसे नवल नाही. मात्र, यॉटची पहिली खरेदी फसते ती बहुधा चुकीचे मॉडेल निवडल्याने नव्हे. बोट उभी कुठे राहणार, ती चालवणार कोण आणि वर्षातून किती दिवस वापरली जाणार, हे प्रश्न धनादेश दिल्यानंतर विचारले जातात, तिथे गडबड होते.

शिडाची की इंजिनाची?

'यॉट' हा शब्द मूळचा डच. त्याचा अर्थ शिकार. चाच्यांचा पाठलाग करणाऱ्या वेगवान होड्यांना हे नाव मिळाले. आज हौसेसाठी किंवा शर्यतीसाठी वापरल्या जाणाऱ्या, आत राहण्याची सोय असलेल्या बोटीला यॉट म्हणतात. पहिल्यांदा घेणाऱ्यासमोर तीन पर्याय असतात : शिडाची यॉट, मोटर यॉट आणि दोन समांतर सांगाड्यांची कॅटामरान.

यातला फरक दिसण्यापेक्षा भौतिकशास्त्राचा जास्त आहे. शिडाच्या बोटीचा तळ पाणी कापत जातो, त्यामुळे तिच्या वेगाला लांबीची मर्यादा पडते. पाण्याच्या रेषेवर 36 फूट लांब असलेली बोट साधारण आठ नॉट, म्हणजे ताशी 15 किलोमीटरच्या पुढे फारशी जात नाही. मोटर यॉट जोर लावून पाण्यावर उचलली जाते आणि 20 ते 25 नॉट गाठते. त्या 'जोरा'ची किंमत इंधनात मोजावी लागते. डिझेल इंजिन एका अश्वशक्तीमागे तासाला ढोबळमानाने 0.2 लिटर इंधन पिते. प्रत्येकी 400 अश्वशक्तीची दोन इंजिने 70 टक्के क्षमतेने चालवली तर तासाला सुमारे 110 लिटर. डिझेल लिटरला 90 रुपये धरले, तरी तासाला दहा हजार रुपये पाण्यात. गेटवे ते मांडवा हे अंतर सात-आठ सागरी मैलांचे आहे. 20 नॉटच्या वेगाने जाऊन-येऊन पाऊण तास लागतो आणि सात-साडेसात हजारांचे डिझेल जळते. त्याच मार्गावर 40 फुटी शिडाची बोट वारा नसताना छोट्या इंजिनावर तासाला चार-पाच लिटरमध्ये भागवते, पण वेळ दुप्पट-तिप्पट घेते. कुटुंबाला अलिबागला लवकर पोहोचायचे आहे की समुद्रावर असण्यातच मजा आहे, हे घरात आधी बोलून घेतलेले बरे. बऱ्याच घरांत या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे मिळतात.

कर किती लागतो?

22 सप्टेंबर 2025 पासून हौसेच्या यॉटवर 40 टक्के जीएसटी लागतो. त्याआधी 28 टक्के जीएसटी आणि तीन टक्के भरपाई उपकर, असा एकूण 31 टक्के भार होता. म्हणजे करपूर्व दोन कोटींच्या बोटीवर 62 लाखांऐवजी 80 लाख. बोट परदेशातून आणली तर आधी सीमाशुल्क लागते आणि ते धरून होणाऱ्या रकमेवर पुन्हा 40 टक्के.

'कंपनीच्या नावावर घेऊ आणि कराचा परतावा मिळवू' हा सल्ला अशा वेळी कोणी ना कोणी देतोच. जीएसटी कायद्याच्या कलम 17(5) ने ही वाट बहुतांशी बंद केली आहे. बोट प्रवासी किंवा मालवाहतुकीसाठी, नौकानयन प्रशिक्षणासाठी किंवा पुढे विकण्यासाठी असेल, तरच इनपुट टॅक्स क्रेडिट मिळते. मालकाच्या रविवारच्या सहलीसाठी नाही.

देशात बांधलेली बोट घेतली तर निदान सीमाशुल्क वाचते. इथे चांगल्या बोटी बनत नाहीत, हा समजही जुना झाला. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. त्यांची 56 फुटी 'म्हादेई' गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली होती.

खाडी दारात असताना अडचण कसली?

इथे ठाणेकराच्या स्वप्नाला पहिली गाठ बसते. ठाण्याच्या खाडीत पाण्यापेक्षा गाळाची सत्ता अधिक आहे. उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीच्या पातळीत चार-साडेचार मीटरपर्यंत फरक पडतो आणि ओहोटीला मैलोगणती चिखल उघडा पडतो. 40 फुटी शिडाच्या यॉटला तळाखाली सुमारे दोन मीटर पाणी लागते, मोटर यॉट किंवा कॅटामरानला सव्वा मीटरच्या आसपास. सकाळी तरंगत असलेली बोट दुपारी चिखलात कलंडलेली दिसावी, अशी ही जागा आहे. याच चिखलावर रोहित पक्षी जगतात. 2015 मध्ये ठाणे खाडीचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला, 2022 मध्ये त्याला रामसर क्षेत्राचा दर्जा मिळाला. कांदळवन तोडण्यावर 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर बंदी घातली. त्यामुळे आपल्या संकुलामागे छोटीशी खासगी जेट्टी बांधण्याचा विचार सोडून दिलेला बरा. सदनिका विकताना कोणी तसे सुचवत असेल, तर लेखी मागावे.

दुसरी वाट उल्हास नदी आणि वसई खाडीची. कल्याण-ठाणे-मुंबई हा 145 किलोमीटरचा मार्ग 2016 च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 53 झाला आहे. कोलशेत, काल्हेर, डोंबिवली, कल्याण अशा जेट्ट्यांची नावे या योजनेत वर्षानुवर्षे ऐकू येतात. प्रत्यक्षात ठळकपणे दिसणारी गोष्ट म्हणजे फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेली वसई-भाईंदर रो-रो सेवा. शिवाय या जेट्ट्या प्रवासी आणि वाहने चढवण्या-उतरवण्यासाठी आहेत, खासगी बोट कायमची बांधून ठेवण्यासाठी नाहीत. त्यात पुलांची भर. डोंबिवलीहून समुद्राकडे निघालेल्या बोटीला काशेली, वर्सोवा, भाईंदरचा रेल्वे पूल असे एकामागून एक अडथळे लागतात. 40 फुटी यॉटची डोलकाठी पाण्यापासून 17-18 मीटर उंच असते. ती उभी ठेवून या मार्गाने समुद्र गाठता येईल, हे विसरावे.

इतिहासाचा दाखला इथे हमखास दिला जातो. 1657 मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यावर शिवाजी महाराजांनी याच खाडीत जहाजबांधणी सुरू केली, हे खरे. नौदलाची निवृत्त युद्धनौका टी-80 ही स्मारक म्हणून दुर्गाडीला आणली गेली, ती त्याच स्मृतीसाठी. पण मराठा आरमाराच्या गलबतांचा तळ मुद्दाम उथळ ठेवलेला असे, आणि तेव्हा खाडीवर रेल्वेचा पूल नव्हता. खोल कण्याची आधुनिक यॉट ही वेगळ्या पाण्यासाठी बनवलेली वस्तू आहे.

मग बोट राहते कुठे?

मुंबई बंदरात. अपोलो बंदरासमोर पाण्यात दिसणाऱ्या बहुतेक यॉट तरंगत्या बोयांना साखळीने बांधलेल्या असतात. मालक छोट्या होडीतून तिथवर जातो. थेट पाऊल टाकून चढता येईल, वीज-पाण्याची जोडणी असेल, अशी मरिना कोचीजवळ बोळगट्टी येथे 2010 मध्ये झाली. मुंबईत बंदर प्राधिकरणाच्या मरिनाची चर्चा मोठी आहे, परंतु धक्का बांधून होईपर्यंत ती जागा हिशेबात धरू नये. रॉयल बॉम्बे यॉट क्लब 1846 पासून आहे, कुलाब्यात सेलिंग क्लब आहे. पण क्लबचे सदस्यत्व आणि बोट बांधायची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विक्रेत्याला पहिला प्रश्न इंजिनाचा नव्हे, मूरिंगचा विचारावा : जागा कोणती, कोणाच्या नावावर, वर्षाला किती, आणि पावसाळ्यात काय?

पावसाळ्याचा प्रश्न गंभीर आहे. जून ते ऑगस्ट हौसेची बोट बाहेर काढता येत नाही. ती क्रेनने उचलून जमिनीवर ठेवावी लागते किंवा आडोशाच्या पाण्यात हलवावी लागते. याच काळात तळाला चिकटलेले शिंपले खरवडून नवा रंग द्यायचा असतो. मुंबईच्या कोमट, गढूळ, खाऱ्या पाण्यात हे जीव झपाट्याने वाढतात आणि बोटीचा वेग खातात. भरीस भर म्हणून बंदरातल्या प्लास्टिकच्या पिशव्या. इंजिन थंड ठेवणारे समुद्राचे पाणी ज्या जाळीतून आत येते, तिथे एक पिशवी अडकली तरी इंजिन तापते.

नोंदणी आणि चालक

देशांतर्गत जलक्षेत्रात चालणाऱ्या यांत्रिक बोटींना 2021 चा अंतर्देशीय जहाज कायदा लागू होतो. त्याने 1917 चा कायदा इतिहासजमा केला. महाराष्ट्रात नोंदणी आणि तपासणीचे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. नोंदणी प्रमाणपत्र, तपासणी प्रमाणपत्र आणि विमा ही तीन कागदपत्रे हवीतच. त्या जलक्षेत्राची हद्द ओलांडून गोव्यापर्यंत जायचे असेल, तर विषय सागरी जहाज कायद्यात जातो आणि नौवहन महासंचालनालयाच्या यंत्रणेशी गाठ पडते. म्हणून 'कागदपत्रे पूर्ण आहेत' या उत्तरावर थांबू नये, ती कोणत्या हद्दीसाठी आहेत ते वाचावे. 26/11 चे दहशतवादी समुद्रमार्गे, अपहरण केलेल्या ट्रॉलरच्या आधाराने आले होते. तेव्हापासून या किनाऱ्यावर बोटीच्या आणि खलाशांच्या ओळखपत्रांकडे कोणी कानाडोळा करत नाही.

बोट चालवायला प्रमाणित सारंग लागतो, मोठ्या बोटीला इंजिन ड्रायव्हर आणि खलाशीही. अनुभवी सारंग हा रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वाढलेला असेल, तर वाऱ्याचा अंदाज त्याला मोबाइलवरच्या ॲपआधी येतो. बोट निवडतानाच त्याला सोबत न्यावे. मालकाने स्वतःही एक हंगाम शिडाची छोटी होडी चालवायला शिकावे. उलट्या क्रमाने, म्हणजे आधी बोट आणि मग शिक्षण, हे महागात पडते.

18 डिसेंबर 2024 रोजी घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची स्पीडबोट आदळली. 15 जणांचा जीव गेला. त्या बोटीला परवानगी 84 प्रवाशांची होती, प्रत्यक्षात शंभराहून अधिक जण होते. टक्कर प्रवासी बोटीच्या चुकीने झाली नव्हती, पण बोट बुडू लागल्यावर क्षमता आणि लाइफ जॅकेट यांनाच अर्थ उरतो. खासगी यॉटवर वाढदिवसासाठी 'अजून चार जण येऊ देत' म्हणताना हेच आठवावे.

वापरलेली बोट घ्यावी का?

पहिल्या खरेदीसाठी बहुतेक वेळा हाच शहाणपणाचा मार्ग. मात्र, बोट पाण्यात पाहून सौदा करू नये. ती क्रेनने वर काढून, विक्रेत्याशी संबंध नसलेल्या सर्वेक्षकाकडून तपासून घ्यावी. तो फायबरच्या सांगाड्यावर हातोडीने ठोकत जातो. आवाज बद्द आला तर आतले थर सुटलेले असू शकतात. ओलावा मापक लावून पाणी मुरले आहे का, ते पाहतो. इंजिनाचे तास, तेलाचा नमुना, खाऱ्या पाण्याने झिजलेले हीट एक्स्चेंजर, डोलकाठीच्या तारा किती वर्षांच्या आहेत, हे सारे अहवालात यायला हवे. शेवटी समुद्रावर किमान दोन तास, पूर्ण वेगाने चाचणी. बंदरात गार इंजिन नेहमीच गोड वाजते.

मालकी की भाडे?

बोटीच्या किमतीच्या सुमारे दहा टक्के रक्कम वर्षाला मूरिंग, विमा, देखभाल आणि माणसांवर जाते, असा जगभर वापरला जाणारा ढोबळ हिशेब आहे. दोन कोटींच्या बोटीला वर्षाला 20 लाख. नोव्हेंबर ते एप्रिल या चांगल्या हंगामात शनिवार-रविवारचे साधारण 26 जोड येतात. लग्ने, परीक्षा, कामाचे व्याप आणि डोंबिवलीहून गेटवेपर्यंतचा दीड-दोन तासांचा प्रवास धरला, तर प्रत्यक्ष वापर 20 दिवस झाला तरी उत्तम. म्हणजे डिझेल सोडून एका दिवसाचा खर्च एक लाख रुपये, आणि त्यात बोटीची मूळ किंमत व कर धरलेलाच नाही. चार कुटुंबांनी मिळून घेतली तर हा भार वाटला जातो. अशा वेळी तारखांची वाटणी, दुरुस्तीचा खर्च आणि एखाद्याला बाहेर पडायचे असल्यास त्याच्या हिश्श्याचे मूल्य, यांचा करार आधीच करावा. 31 डिसेंबरची रात्र कोणाची, हा वाद करारात नसला की मैत्रीत येतो.

बाकीच्यांसाठी गेटवेवरून तासाच्या भाड्याने मिळणारी यॉट आहेच. विकत घेण्याचा विचार असणाऱ्यांनीही एक पूर्ण हंगाम भाड्याने बाहेर पडून, प्रत्यक्षात किती रविवार मिळाले ते मोजावे. चढण्यापूर्वी नोंदणी प्रमाणपत्रावरील प्रवासी क्षमता पाहावी, प्रत्येकाच्या अंगावर, मुलांच्या मापाचीही, लाइफ जॅकेट आहेत ना ते बघावे आणि सारंगाला व्हीएचएफ रेडिओ सुरू करून दाखवायला सांगावे. संकटकाळचा संपर्क चॅनेल 16 वर होतो. मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा मदत क्रमांक 1554 आहे, सागरी पोलिसांचा 1093.