इंजिनाचे तेल व फिल्टर : निवड आणि बदलण्याची वेळ

बैल थकला म्हणजे मान टाकतो, तहानला म्हणजे पाण्याकडे ओढ घेतो. त्याच्या अंगावरची खूण ओळखून शेतकरी त्याची व्यवस्था लावतो. इंजिनाचे तसे नाही. ते तक्रार न करता झिजत राहते आणि बोलते ते एकदाच. तेही बहुधा जमिनीला वाफसा आलेला असताना व पेरणीची घाई उडालेली असताना. अशा वेळी ट्रॅक्टर आठ दिवस मेस्त्रीच्या दारात उभा राहिला, तर दुरुस्तीच्या खर्चापेक्षा हुकलेल्या पेरणीचे नुकसान मोठे असते. ह्यासाठी उन्हाळी नांगरट सुरू होण्यापूर्वीच तेल व फिल्टर ह्यांविषयी चार गोष्टी सभासदांपुढे मांडाव्या, असे आम्हांस वाटते. तेल कोणते घ्यावे आणि किती दिवसांनी बदलावे, हे दोन प्रश्न आम्हांस वारंवार विचारले जातात. त्यांची उत्तरे शेजाऱ्याच्या अनुभवावरून किंवा डब्याच्या किमतीवरून न ठरवता, यंत्रासोबत मिळालेली पुस्तिका, चाललेले तास आणि शेतातली धूळ ह्या तिहींवरून ठरवावी, हेच ह्या लेखाचे सार आहे.

तेलाचे काम

तेल केवळ घर्षण कमी करते अशी समजूत आहे. ती अपुरी आहे. तेल पिस्टनची व बेअरिंगची उष्णता वाहून नेते, रिंगा व लायनर ह्यांमधील फट भरून दाब टिकवते, डिझेल जळताना होणारी काजळी आपल्या अंगात धरून ठेवते, आणि जळणातून उत्पन्न होणाऱ्या आम्लाचा जोर मोडते. काजळी धरण्यासाठी व आम्ल मारण्यासाठी तेलात निराळी द्रव्ये मिसळलेली असतात. ही द्रव्ये खर्ची पडतात, म्हणून तेल बदलावे लागते.

डब्यावरील खुणा

तेलाच्या डब्यावर दोन खुणा पाहावयाच्या. पहिली दाटपणाची, उदाहरणार्थ, १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४०. अमेरिकेत १९०५ साली स्थापन झालेल्या मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने ही मोजणी रूढ केली. 'डब्ल्यू' हे हिवाळ्याच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर होय. त्यापूर्वीचा आकडा जितका लहान, तितके तेल थंडीत अधिक सुलभपणे वाहते. पुढचा आकडा इंजिन तापल्यावरचा दाटपणा दाखवतो. १५डब्ल्यू तेलाची परीक्षा शून्याखाली २० अंशांवर घेतात. आपल्याकडे निफाडची थंडी प्रसिद्ध आहे खरी, तथापि ती ह्या मर्यादेच्या जवळपासही जात नाही. तेव्हा थंडीच्या भीतीने अतिपातळ व महाग तेल घेण्याचे आपणांस कारण नाही. तसेच 'दाट तेल अधिक चांगले' ही समजूतही खोटी. फाजील दाट तेल इंजिन सुरू होताना वरच्या भागापर्यंत उशिरा पोचते, आणि तेवढ्या अवधीत कोरडी झीज होते.

दुसरी खूण प्रतीची. तीत 'सी' ने आरंभ होणारी अक्षरे डिझेल इंजिनासाठी व 'एस' ने आरंभ होणारी पेट्रोल इंजिनासाठी असतात. सीएफ-४, सीएच-४, सीआय-४ ह्या उत्तरोत्तर नव्या प्रती होत. पुस्तिकेत जी प्रत सांगितली असेल ती, अथवा तिच्यानंतरची घ्यावी; तिच्या आधीची कधीही घेऊ नये. केवळ मोटरसायकलसाठी विकले जाणारे तेल ट्रॅक्टरच्या इंजिनात ओतू नये. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांस धुरासंबंधीचे अधिक कडक नियम लागू झाले. त्यांपैकी ज्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी बसवलेली असते, त्यांना राख कमी सोडणारे तेल लागते. तेथे पुस्तिकेबाहेर पाऊल टाकू नये.

तेल केव्हा बदलावे

तेलाचे आयुष्य महिन्यांवर नव्हे, तर कामाच्या तासांवर मोजावे. पुष्कळ ट्रॅक्टरांच्या पुस्तिकांत पहिला बदल ५० तासांनी व पुढील बदल दर २५० तासांनी सांगितलेला असतो. वर्षात ५०० तास काम करणाऱ्या अशा ट्रॅक्टरास दोन बदल पुरतात. जुन्या बनावटीची इंजिने व पाणी उपसण्याची लहान इंजिने ह्यांची मुदत याहून कमी असते. ज्या लहान इंजिनांत तेलाचा फिल्टरच नसतो, त्यांत तर मळ तेलातच फिरत राहतो. तास कमी भरले तरी वर्षातून एकदा तेल बदलावेच, कारण उभ्या इंजिनात दमट हवेचे पाणी होऊन ते तेलात उतरते.

आपले वडीलधारे ह्याहून लवकर तेल बदलीत, तेही निष्कारण नव्हे. त्या काळच्या डिझेलात गंधक पुष्कळ असे व त्यापासून आम्ल बने. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळू लागलेल्या डिझेलात गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांस १० भागांपर्यंत उतरले आहे. म्हणून पुस्तिकेच्या निम्म्या मुदतीतच तेल फेकून देणे हा आता सामान्यतः व्यर्थ खर्च ठरतो.

रंगावरून मात्र निर्णय करू नये. डिझेल इंजिनातील तेल थोड्याच तासांत काळे पडते. ते काजळी धरून ठेवण्याचे आपले काम करीत आहे, एवढाच त्याचा अर्थ. खरी भयसूचक चिन्हे निराळी आहेत. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे असे समजावे. पातळी वाढली व डिझेलचा वास आला, तर डिझेल चेंबरमध्ये उतरत आहे. पातळी झपाट्याने घटली व निळसर धूर निघू लागला, तर तेल जळत आहे. ह्यांपैकी पहिल्या दोन प्रसंगी इंजिन चालवूच नये. पातळी रोज सकाळी, यंत्र सपाट जागी उभे असताना व सुरू करण्यापूर्वी, डिपस्टिक पुसून पाहावी. तेल काढावयाचे ते इंजिन गरम असताना, म्हणजे मळही त्याजबरोबर वाहून जातो.

हवेचा फिल्टर

आता ज्या भागाकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते त्याकडे वळू. अडीच लिटरचे चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला १८०० फेरे घेत असले, तर ते तासाला लाखाहून अधिक लिटर हवा ओढते. रोटाव्हेटरमागे किंवा मळणीच्या खळ्यावर ती हवा कशी असते, हे सभासदांस सांगणे नको. त्या धुळीतील वाळूचे कण लोखंडाहून कठीण असतात. ते तेलात मिसळले की तेल वंगण न राहता कानशीचे काम करू लागते.

आमच्या एका सभासदाचे उदाहरण बोधप्रद आहे. हे गृहस्थ उत्तम प्रतीचे तेल वेळेवर बदलीत, तरीही त्यांच्या ट्रॅक्टरचा जोर दोन हंगामांत उतरला व निळा धूर येऊ लागला. इंजिन उघडले तेव्हा लायनर झिजलेले दिसले. एअर क्लीनरपासून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी चिमट्याखाली चिरली होती व तीवर चिंधी गुंडाळलेली होती. फिल्टर शाबूत, तेल महागाचे. परंतु धूळ दोहोंस चुकवून आत गेली. एका चिरलेल्या नळीपायी त्यांची ऐन हंगामातील भाड्याची कामेही गेली.

ज्या एअर क्लीनरात खाली तेलाची वाटी असते, ती धुळीच्या कामात रोज उघडून पाहावी. तळाशी गाळ साचला की वाटी धुऊन पुस्तिकेत सांगितलेले नवे तेल खुणेपर्यंतच भरावे. खुणेवर भरल्यास इंजिन ते तेल ओढून घेते आणि अनावर वेगाने पळू लागण्याचा धोका असतो. कागदी फिल्टर असेल तेथे बाहेरचा फिल्टर हलक्या दाबाच्या हवेने, आतून बाहेर असा झाडावा. मडगार्डवर आपटू नये. आत दिवा धरून पाहावे. उजेडाचा ठिपका दिसला की तो टाकून द्यावा. आतला लहान फिल्टर साफ करावयाचा नसतो, बदलावयाचा असतो. तथापि फिल्टर वारंवार उघडणेही हितावह नाही. कागदावर बसलेला धुळीचा पातळ थर स्वतःच गाळण्यास मदत करतो, आणि प्रत्येक उघडझापीत थोडी धूळ आत पडते. सूचक यंत्र असल्यास ते लाल झाल्यावरच उघडावा.

तेलाचा व डिझेलचा फिल्टर

तेल बदलताना तेलाचा फिल्टरही बदलावा. तो तुंबला म्हणजे तेल अडत नाही. आतील झडप उघडते व न गाळलेले तेल बेअरिंगकडे जाते. इंजिन चालते, म्हणून मालक निर्धास्त राहतो. नवा फिल्टर बसवताना त्याच्या रबरी कड्यास तेल लावावे व तो हाताने आवळावा.

डिझेलच्या फिल्टरचे मुख्य शत्रू पाणी व गंज. फिल्टरखालची चावी सोडून साचलेले पाणी नियमाने काढावे. टाकी सायंकाळी भरून ठेवावी, म्हणजे रात्रीच्या गारव्याने तीत पाणी धरत नाही. पिंपातील डिझेल हलवून लगेच भरू नये. हे फिल्टर पुस्तिकेतील तासांनुसार बदलावे आणि बदलल्यावर नळ्यांतील हवा काढल्यावाचून इंजिन चालू करण्याची खटपट करू नये. तेल असो वा फिल्टर, शिक्का शाबूत असलेला माल पावती घेऊनच खरेदी करावा.

शेवटी

काढलेले तेल बांधावर, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. थोडेसे तेलही पुष्कळ पाणी नासवते. ते झाकणाच्या डब्यात साठवून परवानाधारक संकलकास द्यावे.

प्रत्येक यंत्राची एक वही असावी. तारीख, तासांचा आकडा, तेलाची खूण व बदललेला फिल्टर ही चार टिपणे तीत पुरेत. दहा तास काम झाले की पातळी, वाटी व रबरी नळी ह्या तीन गोष्टी पाहण्यास दहा मिनिटेही लागत नाहीत. बैलापुढे वैरण टाकल्यावाचून आपण जेवावयास बसत नव्हतो. तीच रीत ह्या मुक्या यंत्रासही लावावी, एवढीच आमची सभासदांस विनंती आहे.