जपानांतील ‘योवा’ शक व पत्रांचा कालनिर्णय

मितीचा मेळ बसला नाहीं कीं कागद बनावट ठरवावा, असा मोह संग्राहकास सहज होतो. या बाबतींत जपानच्या इतिहासांतील ‘योवा’ नामक अल्पायुषी शकाचें उदाहरण ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

जपानांत कालगणनेसाठीं दरबार वेळोवेळीं बहुधा दोन चिनी अक्षरांचें एक नांव जाहीर करी. त्यास ‘नेंगो’ म्हणतात. नवा सम्राट गादीवर आला किंवा कांहीं अरिष्ट ओढवलें म्हणजे जुनें नांव टाकून नवें धरीत, व वर्षांचे आंकडे पुन्हां एकापासून चालत. योवा शक इ. स. 1181 च्या 25 ऑगस्टला सुरू झाला व 29 जून 1182 रोजीं संपला. म्हणजे उणेपुरे दहा महिने. त्याच्या पूर्वीं जिशो, नंतर जुएइ. शक बदलण्याचें निमित्त बालसम्राट आंतोकू याच्या राज्यारोहणाचें. हा ताइरा घराण्याच्या कियोमोरीचा दौहित्र. कियोमोरी स्वतः त्याच वर्षीं मार्चमध्यें वारला होता.

‘योवा’ या नांवांतील पहिल्या अक्षराचा अर्थ पोषण असा आहे, आणि हा काळ स्मरला जातो तो दुष्काळामुळें! कामो नो चोमेइ यानें 1212 सालीं लिहिलेल्या ‘होजोकी’ ग्रंथांत निन्नाजी मठांतील र्‍यूग्यो नामक भिक्षूची हकीकत आहे. राजधानींतील प्रेतांच्या कपाळीं तो ‘अ’ हें सिद्धम् लिपींतील अक्षर लिहीत गेला. दोन महिन्यांत मोजदाद 42,300 वर गेली. भारतांतून गेलेलें हें अक्षर तेथें असें उपयोगास आलें.

आतां मुख्य मुद्दा. मिनामोतो योरितोमो यानें 1180 सालीं पूर्वेकडे बंड उभारलें. ताइरांनीं बसविलेला सम्राट त्यास मान्य नव्हता. मग त्याच्या राज्यारोहणाचा शक तरी कसा मान्य व्हावा? तो जुना जिशो शकच चालवीत राहिला. दरबारीं जिशोचें 5 वें वर्ष मध्येंच संपलें; पूर्वेकडे मात्र जिशो 6 (1182) व जिशो 7 (1183) हीं वर्षें आढळतात. आपल्याकडे राज्याभिषेक शकाची मिती पाहतांना जो विचार करावा लागतो, तोच येथेंही लागू आहे : शक लिहिणें म्हणजे सत्ता मानणें. 1183 च्या दहाव्या महिन्यांत दरबारानें पूर्वेकडील प्रांतांवरील योरितोमोचा अधिकार मान्य केला, व त्यानंतर तोही जुएइ शक वापरूं लागला.

तेव्हां जिशो 6 ची मिती असलेलें पूर्वेकडील पत्र केवळ मितीवरून त्याज्य ठरत नाहीं. उलट योरितोमोच्या नांवच्या पत्रावर योवा शक दिसल्यास परीक्षकानें सावध व्हावें. तेवढ्यावरून तेंही खोटें म्हणतां येणार नाहीं, कारण नंतरच्या नकलकारानें दरबारी शक घालून मिती ‘शुद्ध’ केली असणें शक्य आहे. सुमारें शंभर वर्षांनीं रचलेल्या ‘आझुमा कागामी’ या कामाकुराच्या बखरींत या वर्षांच्या मथळ्यांवर दरबारी शकच आहेत. म्हणून मथळा व आंत उतरलेल्या पत्राची मिती हीं निरनिराळीं पाहावींत.

पुढें पारडें फिरलें. ताइरा 1183 सालीं आंतोकूस घेऊन पश्चिमेस पळाले. क्योतोंत 1184 सालीं गेनर्याकु शक निघाला, तरी ते जुएइच लिहीत राहिले, तें थेट 1185 मधील दान-नो-उराच्या समुद्रयुद्धांत त्यांचा नाश होईपर्यंत.