छप्पन सेंटांचा आकडा

वणवा विझल्यानंतर जे पंचनामे, जबाब आणि चौकशी-अहवाल तयार होतात, ते वाचण्याचा एक विक्षिप्त नाद मला फार वर्षांपासून आहे. आणि आमच्या बुलढाणा जिल्ह्यापुरते बोलायचे तर त्या कागदांतला आरोपी बहुधा ठरलेला असतो. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवणारा, तेंदूला कोवळी पाने फुटावीत म्हणून रान जाळणारा, किंवा विडीचे थोटूक टाकून पुढे जाणारा वाटसरू, यांच्यापैकीच तो कोणीतरी असतो. ज्ञानगंगा अभयारण्याच्या सुमारे २०५ चौरस किलोमीटर शुष्क पानगळीच्या रानात काय, किंवा सातपुड्याच्या अंगावरील अंबाबरव्यात काय, वनखाते उन्हाळ्याच्या तोंडावर जाळरेषा काढते ती याच्याच धास्तीने. शिवाय १९२७ च्या वन अधिनियमाच्या कलम ७९ ने, जंगलात हक्क भोगणाऱ्यावर वणव्याची खबर देण्याची व तो विझवण्याची सक्ती केलेली आहेच.

विजेची कंपनी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिलेली पाहायची असेल, तर मात्र कॅलिफोर्नियातील ब्यूट परगण्याच्या सरकारी वकिलाने जून २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला अहवाल वाचावा. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी पॅराडाइज हे गाव बेचिराख करून ८५ माणसांचा बळी घेणारी आग ‘पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक’ कंपनीच्या ११५ किलोव्होल्टच्या वाहिनीवरून लागली. आणि तिचे मूळ शोधता शोधता तपास जाऊन पोहोचला तो एका आकड्यापाशी, जो मनोऱ्यावर इन्सुलेटरची माळ तोलून धरण्यासाठी १९१९ मध्ये ५६ सेंटांना खरीदलेला होता. ती वाहिनी मूळची ग्रेट वेस्टर्न पॉवर कंपनीची. १९३० मध्ये ती नव्या धन्याकडे आली, आकडा होता तिथेच राहिला. डोंगरवाऱ्यावर जवळजवळ शंभर वर्षे झुलत, पट्टीच्या भोकाच्या काठावर घासत घासत तो झिजला, आणि त्या सकाळी तुटला. निष्काळजीपणाने घडलेल्या मनुष्यवधाचे ८४ गुन्हे कंपनीने न्यायालयात कबूल केले.

वारा सुटण्यापूर्वीच वीज तोडावी, हा उपाय तोवर कोणाला सुचला नव्हता असे नाही. सॅन डिएगोच्या वीज कंपनीने २००७ च्या आगींनंतर तशी योजना मांडली, तेव्हा पाण्याचे पंप, दूरध्वनी आणि यंत्रावर श्वास घेणारे रुग्ण यांची चिंता पुढे आली, आणि २००९ मध्ये नियामक आयोगाने ती फेटाळली; परवानगी मिळाली ती २०१२ मध्ये. पॅराडाइजच्या ग्राहकांनाही वीज बंद होण्याची शक्यता दोन दिवस आधी कळवलेली होती. ती बंद झाली नाही; आणि झाली असती तरी भागले नसते, कारण ११५ किलोव्होल्टच्या वाहिन्या त्या योजनेच्या बाहेरच होत्या! पुढल्या ऑक्टोबरात कंपनीने सात लाखांहून अधिक ग्राहकांना अंधारात बसवले, आणि त्याच महिन्याच्या २३ तारखेला, त्या भागातले दिवे विझलेले असताना, चालू ठेवलेल्या उच्चदाब वाहिनीच्या तुटक्या जंपरपाशी किनकेडची आग भडकली.

वाऱ्याने फांदीच तारेवर आणून टाकली तर निगाही अपुरी पडते, हे मान्य. परंतु ज्याने तारेची निगा राखलीच नाही, त्याने खटका पाडून सावधगिरीचे बिरुद मिरवावे, हे मला पटत नाही.

आपल्याकडे हा धडा रानापेक्षा शिवाराला अधिक लागू पडतो. फाल्गुनात गहू सोंगणीला येतो, खळ्याशेजारी कुटाराची गंजी लागते, आणि झोळ पडलेल्या तारा वाऱ्याने एकमेकींना भिडल्या की ठिणगी पडते ती नेमकी त्यावर. मग तलाठ्याचा पंचनामा, विद्युत निरीक्षकाचा अहवाल आणि भरपाईसाठी हेलपाटे. कृषिपंपांना पाळीपाळीने वीज देण्यात मुरलेल्या व्यवस्थेला, सोंगणीच्या पंधरवड्यात भर दुपारच्या वाऱ्याची वेळ टाळून पाळी फिरवणे अवघड नाही. गावठाणाचे फीडर वेगळे झाले आहे तेथे घरातली लाईटही जाणार नाही. मात्र ती वेळ आगाऊ जाहीर व्हावी, आणि बंदच्या त्याच तासांत लाईनमनने परमिट घेऊन तारा ताणाव्यात व फांद्या छाटाव्यात, अशी अट तिला जोडलेली असावी. तारेआड येणारे झाड काढवून घेण्याचा मार्ग २००३ च्या विद्युत अधिनियमाच्या कलम ६८ ने दिलेला आहे. स्वतःच्याच तारेचा झोळ काढायला तर कोणाच्या हुकमाचीही गरज नाही.