घरातलेच विरोधक : महाराष्ट्र काँग्रेस, १९६० ते १९९५

१९७२ च्या विधानसभेत २७० पैकी २२२ जागा काँग्रेसकडे होत्या. एवढ्या बहुमतापुढे विरोधी पक्ष नावापुरताच उरतो, आणि सत्तेची खरी स्पर्धा पक्षाच्या आत सुरू होते. महाराष्ट्रात ती जिल्हा परिषद, जिल्हा बँक आणि सहकारी साखर कारखाना यांच्या आधाराने वाढली. ज्याच्या हाती कारखाना, त्याच्या मागे तालुका. आणि एका तालुक्यात दोन मातब्बर घराणी असली की तिकीट एकाला आणि नाराजी दुसऱ्याला ठरलेली. विदर्भ आणि मराठवाड्याची पश्चिम महाराष्ट्राबद्दलची जुनी तक्रार त्यात भर घाली.

यशवंतराव चव्हाण १९६२ मध्ये दिल्लीला गेल्यावरही हा डोलारा सांभाळत होते. विदर्भातले वसंतराव नाईक १९६३ पासून अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री राहिले. त्यांच्यामागे बलाढ्य मराठा गट नव्हता, म्हणूनच ते सगळ्या गटांना चालले.

फेब्रुवारी १९७५ मध्ये शंकरराव चव्हाण आले. ‘हेडमास्तर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शिस्तीच्या माणसाने सांगलीच्या वसंतदादा पाटलांना मंत्रिमंडळाबाहेर काढले. दादांनी राजकीय संन्यास जाहीर केला. तो फार काळ टिकला नाही. १९७७ च्या लोकसभेत काँग्रेसला राज्यातल्या ४८ पैकी २० जागा मिळाल्या, शंकररावांना जावे लागले आणि त्यांच्या खुर्चीवर दादाच बसले.

जानेवारी १९७८ मध्ये पक्ष देशभर फुटला. यशवंतराव, वसंतदादा, शरद पवार इंदिराविरोधी रेड्डी काँग्रेसमध्ये राहिले. इंदिरा काँग्रेसची राज्यातली धुरा नासिकराव तिरपुड्यांनी घेतली. त्यानंतरच्या विधानसभा निवडणुकीत जनता पक्षाला ९९, रेड्डी काँग्रेसला ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. जनता पक्षाला रोखण्यासाठी दोन्ही काँग्रेस एकत्र आल्या. वसंतदादा मुख्यमंत्री आणि तिरपुडे राज्याचे पहिले उपमुख्यमंत्री झाले. हे उपमुख्यमंत्री यशवंतरावांवर आणि दादांवर जाहीर तोंडसुख घेत असत. जुलैमध्ये अधिवेशन चालू असताना पवार, सुशीलकुमार शिंदे, सुंदरराव सोळंके बाहेर पडले. १८ जुलैला पवार पुरोगामी लोकशाही दल या आघाडीचे मुख्यमंत्री झाले. ‘पाठीत खंजीर’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून त्यांना चिकटला आहे. पण दादांचे सरकार आधीच आतून पोखरले होते, हे खंजीर मोजणारे सहसा सांगत नाहीत. आणि पवारांच्या अर्थखात्यावर कोण? वेगळी काँग्रेस काढून आलेले शंकरराव चव्हाण.

१९८० मध्ये इंदिरा काँग्रेस सत्तेवर परतल्यावर भांडणाची सूत्रे दिल्लीने हाती घेतली. पद्धत ठरून गेली : दिल्लीहून निरीक्षक येत, आमदार एका ओळीचा ठराव करून निवडीचे अधिकार पक्षश्रेष्ठींना देत, आणि नाव वरून येई. त्यामुळे मुख्यमंत्र्याला आमदार सांभाळण्यापेक्षा दिल्लीची वारी महत्त्वाची झाली, आणि त्याच्या विरोधकालाही तोच रस्ता खुला राहिला. मुख्यमंत्री अंतुले सिमेंट वाटपाच्या प्रकरणात गेले, त्यांच्या जागी आलेले बाबासाहेब भोसले वर्षभर टिकले. १९८५ मध्ये प्रदेशाध्यक्षपदी प्रभा राव यांची नेमणूक आपल्या मनाविरुद्ध झाली म्हणून भोसल्यांनंतर पुन्हा मुख्यमंत्री झालेल्या वसंतदादांनी राजीनामा दिला. नंतर निलंगेकर, पुन्हा शंकरराव, आणि १९८६ मध्ये औरंगाबादेत राजीव गांधींच्या उपस्थितीत काँग्रेसमध्ये परतलेले पवार १९८८ मध्ये मुख्यमंत्री. त्यांच्याविरुद्ध १९९१ च्या सुरुवातीला मंत्र्यांनीच बंड केले, ते फसले. पवार दिल्लीला जाताना सुधाकरराव नाईकांना बसवून गेले, त्यांच्याशीही बिनसले, आणि मुंबईच्या दंगलींनंतर मार्च १९९३ मध्ये ते स्वतःच परतले. १९८० ते १९९५ या काळात एकाही मुख्यमंत्र्याला सलग पाच वर्षे मिळाली नाहीत. दिल्लीने भांडणे मिटवली नाहीत, वापरली.

त्याची किंमत १९९५ मध्ये चुकवावी लागली. तिकीट नाकारलेले बंडखोर अपक्ष उभे राहिले. काँग्रेस ८० जागांवर आली. शिवसेना ७३, भाजप ६५. बहुमताला १४५ लागत होते, आणि निवडून आलेल्या ४५ अपक्षांत मूळचे काँग्रेसवाले मोठ्या संख्येने होते. मनोहर जोशींचे सरकार त्यांच्याच आधारावर उभे राहिले. इंदापूरचे हर्षवर्धन पाटील आणि काटोलचे अनिल देशमुख असे अपक्ष त्यात राज्यमंत्री झाले.