कर मागणाऱ्याचंच पद गेलं!

तमिळ मुलखात तिरुनेलवेलीच्या बाजूला पांचालंकुरिची नावाचं छोटं संस्थान होतं. तिथला पाळेगार वीरपांड्य कट्टबोम्मन. अर्काटचा नवाब कर्जात बुडाला आणि पाळेगारांकडून वसुली करण्याचा हक्क ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला. कट्टबोम्मनने हात आखडता घेतला.

१७९८ मध्ये थकबाकी निघाली ३,३१० होन. कलेक्टर जॅक्सनने भेटीला बोलावलं आणि स्वतः दौऱ्यावर निघून गेला! साहेब पुढे, कट्टबोम्मन मागे, अशी २३ दिवस आणि सुमारे ४०० मैल पायपीट झाली. अखेर रामनाथपुरमला गाठ पडली. हिशेब तपासला, तर बाकी होती अवघी १,०८० होन! तरीही पाळेगाराला तीन तास उभं ठेवलं. अटकेचा डाव दिसताच किल्ल्यात चकमक उडाली, लेफ्टनंट क्लार्क मारला गेला आणि कट्टबोम्मन निसटला. पुढे चौकशी बसली, आणि पद गेलं जॅक्सनचं! मद्रासचा गव्हर्नर तेव्हा एडवर्ड क्लाइव्ह होता, म्हणजे प्लासीवाल्या क्लाइव्हचा मुलगा.

वर्षभरात मेजर बॅनरमन तोफा घेऊन आला. पुदुकोट्टैचा राजा तोंडैमान याने कट्टबोम्मनला पकडून दिलं आणि १६ ऑक्टोबर १७९९ रोजी कयत्तार इथे त्याला फाशी झाली.

खरा थरार मात्र मला त्याच्या भावाच्या गोष्टीत वाटतो. ऊमैदुरैला बोलता येत नसे; पण फेब्रुवारी १८०१ मध्ये पाळयंकोट्टैच्या तुरुंगातून हा गडी पळाला आणि इंग्रजांनी जमीनदोस्त केलेला पांचालंकुरिचीचा मातीचा किल्ला गावकऱ्यांनी काही दिवसांत पुन्हा उभा केला! तो घ्यायला कंपनीच्या फौजेला मे महिना उजाडला.

कट्टबोम्मन घराघरांत पोचला तो १९५९ च्या सिनेमामुळे. नायक शिवाजी गणेशन. कैरोच्या आफ्रो-आशियाई महोत्सवात या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान मिळाला. आणि आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट: या गणेशनना ‘शिवाजी’ हे नाव मिळालं ते द्रविड चळवळीतले नेते अण्णादुरै यांच्या नाटकात छत्रपती शिवाजी महाराज साकारल्यामुळे. नाव दिलं खुद्द समाजसुधारक पेरियारांनी.

एसटीच्या धर्तीवर तिरुनेलवेलीकडच्या सरकारी बसगाड्याही एकेकाळी कट्टबोम्मनच्या नावाने धावत. आता त्याच जिल्ह्यात नौदलाचं ‘आयएनएस कट्टबोम्मन’ हे केंद्र आहे. समुद्राखाली दडलेल्या पाणबुड्यांना तिथून संदेश जातात.