गोलंदाजाची पाठ आणि हमालाची पाठ

आमचे बहुतेक आयुष्य खामगाव-मलकापूरकडील बाजारांत आणि गोदामांत हमालांची संघटना बांधण्यात गेले. अशा माणसाने क्रिकेटवर बोलावे, याचे कोणास नवल वाटेल. परंतु लहानपणी आम्ही रेडिओला कान लावून बसलो आणि मोठेपणी माणसांच्या पाठी पाहिल्या. या दोन गोष्टींचा मेळ घालण्याचा हा प्रयत्न आहे.

एकदा एका गोदामात पोत्याच्या वजनावरून बोलणी चालली होती. तेथील मुकादम म्हणाला, “भाऊ, आमचा बुढा क्विंटलचं पोतं पाठीवर घे. आताचे पोट्टे पन्नासालेच कन्हतेत.” पुढे 2025 साली भारताचा संघ इंग्लंडात गेला. पाच कसोटी सामन्यांपैकी तीनच बुमराहने खेळावेत, असे ठरले. तेव्हा चहाच्या टपरीवर हेच वाक्य आम्ही निराळ्या शब्दांत ऐकले. जुने गोलंदाज दिवसभर चेंडू टाकीत, आताचे नाजूक झाले! हे म्हणणे कितपत खरे आहे, ते पाहू.

प्रथम जुन्यांच्या बाजूने जे आहे ते मोकळ्या मनाने मान्य करावे. 1952 साली लॉर्ड्‌सच्या मैदानावर विनू मंकडांनी इंग्लंडच्या पहिल्या डावात 73 षटके टाकली आणि दुसऱ्या डावात आणखी 24. त्याच सामन्यात फलंदाजीत त्यांनी 72 आणि 184 धावा काढल्या. नाशिकचे बापू नाडकर्णी यांनी 1964 च्या जानेवारीत मद्रासला 32 षटकांत अवघ्या 5 धावा दिल्या. त्यांतील 27 षटके निर्धाव होती. आकडे थक्क करणारे आहेत, यात शंका नाही. पण हे दोघेही मंदगती गोलंदाज होते. चार पावले येऊन चेंडू सोडणारा आणि वीस पावले धावत येऊन अंग झोकून देणारा, या दोघांची षटके एकाच तराजूत घालता येत नाहीत. कापसाचे ओझे आणि लोखंडाचे ओझे आपण नगावर मोजीत नाही, तसेच हे आहे.

मग वेगवान गोलंदाजाचे काय? मुंबईचे रमाकांत देसाई पाच फूट चार इंच उंचीचे. 1958-59 च्या रणजी हंगामात त्यांनी 50 बळी घेतले आणि 1959 च्या फेब्रुवारीत दिल्लीला वेस्ट इंडीजविरुद्ध पहिला कसोटी सामना खेळले. वय एकोणीस. त्या एका डावात त्यांच्याकडून 49 षटके टाकून घेतली गेली. समोरच्या संघाने 8 बाद 644 धावा केल्या होत्या आणि दुसऱ्या बाजूने तोलामोलाचा वेगवान जोडीदार नव्हता. देसाई 28 कसोटी खेळले, 74 बळी मिळविले आणि 1968 साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांची कसोटी कारकीर्द संपली. तिकडे इंग्लंडचा फ्रँक टायसन, ज्याच्या वेगाला लोक वादळ म्हणत, तो केवळ 17 कसोटी खेळला. ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिलीच्या पाठीच्या हाडाला 1973 साली भेगा पडल्या. तो पुन्हा उभा राहिला, पण मोठ्या कष्टाने.

तात्पर्य असे की, जुन्या काळीही पाठी मोडत होत्या. जो टिकला त्याचे नाव राहिले. जो मोडला तो घरी गेला आणि विस्मरणात गेला. कपिलदेव 131 कसोटी खेळला आणि दुखापतीमुळे त्याचा एकही सामना चुकला नाही, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्याच्याबरोबर सुरुवात करून दोन वर्षांत नाहीसे झालेल्यांची यादी कोण ठेवतो? मुकादमाच्या बुढ्याने क्विंटल उचलले हे खरेच असेल. पण त्याच्यासोबत ज्यांनी चाळिशीत काम सोडले, त्यांची नावे मुकादमाला आठवत नाहीत. आम्हाला आठवतात, कारण त्यांच्या घरी आम्ही बसलो आहोत.

आता शरीराचे शास्त्र थोडे समजून घेऊ. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय जमिनीवर आदळतो, तेव्हा शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार त्या पायातून वर चढतो. त्याच क्षणी कंबर वाकते आणि पिळली जाते. हा पीळ कमरेच्या खालच्या मणक्यांवर पडतो. हाड ही जिवंत वस्तू आहे. भाराने त्यात सूक्ष्म इजा होते आणि विश्रांतीत ती भरून निघते. भरून निघण्याआधीच पुन्हा भार पडत गेला, तर इजेची भेग होते. विशी-बाविशीपर्यंत ही हाडे पुरती पक्की झालेली नसतात. म्हणून कोवळ्या गोलंदाजांना धोका अधिक.

परंतु याचा अर्थ कमी टाका म्हणजे सुरक्षित राहाल, असा नव्हे. शरीर सवयीने घडते. घात होतो तो भार एकाएकी वाढल्याने. मागील चार आठवड्यांच्या सरासरीच्या मानाने एखाद्या आठवड्यात फार अधिक चेंडू टाकले, तर पुढे दुखापतीचा संभव वाढतो, असे गोलंदाजांच्या अभ्यासातून दिसले आहे. 2008 पासून आयपीएलचे युग आले. तेथे एका सामन्यात चार षटके. आणि लगेच कसोटीत दिवसाला वीस! हमालाला हे नव्याने सांगावे लागत नाही. पावसाळ्यात हात रिकामे असतात. दसरा-दिवाळीला सोयाबीन आणि कापूस एकदम येतो, आणि पाठी जातात त्या हंगामाच्या पहिल्याच आठवड्यांत.

श्रीरामपूरचा झहीर खान याचे चांगले उदाहरण आहे. संघाबाहेर गेल्यावर 2006 साली तो इंग्लंडात वूस्टरशायरकडून हंगाम खेळला, नियमित गोलंदाजी केली, 78 बळी घेतले आणि पूर्वीपेक्षा चांगला गोलंदाज होऊन परतला. काम पुष्कळ होते, पण त्याला लय होती.

अमेरिकेतील बेसबॉलमध्येही हाच वाद आहे. तेथे चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. पूर्वीच्या सय यंगने 749 सामने आरंभापासून शेवटपर्यंत एकट्याने फेकून पुरे केले. आज शंभरेक चेंडू झाले की पिचर बदलतात. मात्र जुने पिचर सारा जोर प्रत्येक चेंडूत घालीत नसत. क्रिस्टी मॅथ्यूसनने 1912 च्या आपल्या पुस्तकात, जोर अडचणीच्या वेळेसाठी राखावा, हेच सांगितले. आज प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीचा हवा असतो. त्यामुळे कोपराचा स्नायुबंध तुटतो. 1974 साली टॉमी जॉन नावाच्या पिचरच्या कोपरात दुसरीकडचा बंध बसविण्याची शस्त्रक्रिया प्रथम झाली. आज ती शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते. म्हणजे नग कमी झाले, पण प्रत्येक नगाचा भार वाढला.

बुमराहचेही तसेच. 2023 साली त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली. 2024-25 मध्ये ऑस्ट्रेलियात त्याने 151.2 षटके टाकून 32 बळी घेतले आणि शेवटच्या सिडनी कसोटीत पाठीने दगा दिला. दुसऱ्या डावात त्याला चेंडू टाकता आला नाही. कोणी म्हणेल, सिराजने 2025 साली इंग्लंडात पाचही सामने खेळून 185.3 षटके टाकली, त्याचे काय? खरे आहे. शरीरे सारखी नसतात. पण म्हणूनच सर्वांत दणकट माणसाच्या मापाने सर्वांचा भार ठरवू नये. 1967 साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने प्रौढ पुरुषाने उचलण्याच्या ओझ्याला 55 किलोची मर्यादा सुचविली, ती याच विचाराने. महाराष्ट्रात 1969 साली माथाडी कायदा आला, त्यामागेही हमालाला वाली असावा हीच भावना होती.

शेवटी पळवणकर बाळूंची आठवण केल्यावाचून राहवत नाही. चर्मकार समाजातील हा मुलगा पुण्याच्या जिमखान्यात महिना चार रुपयांवर मैदान राखीत असे आणि साहेबांच्या सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकीत असे. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने सर्व सामने मिळून शंभरावर बळी घेतले. त्याची कला त्या श्रमातून घडली, असे आपण कौतुकाने म्हणतो. पण किती चेंडू टाकायचे, हे ठरविण्याचा अधिकार त्याला नव्हता. आज बुमराहचा प्रत्येक चेंडू मोजणारे लोक आहेत. आमच्या जिल्ह्यातील शाळेच्या मैदानावर सकाळी एका संघासाठी आणि दुपारी दुसऱ्या संघासाठी धावणाऱ्या पंधरा वर्षांच्या पोराचे चेंडू कोणी मोजत नाही. हमालाची पोती मोजतात, पण ती मजुरीपुरती, पाठीसाठी नव्हे.

गुरुजींनी एक वही घालावी, मुलाने आज किती षटके टाकली ते लिहावे, आणि गेल्या आठवड्याशी ताडून पाहावे. याला पैसा लागत नाही. तशीच वही आम्ही गोदामात ठेवू लागलो, तेव्हा मुकादम हसला होता. हंगाम संपल्यावर त्यानेच ती मागून घेतली. आपल्या मुलाचे नाव त्याला त्यात पाहायचे होते.